ताप असेल तर महाडला

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळची शाळा उरकून दुपारी गावी आले आणि आधी गमबूट धुतले. भाताच्या खाचरात अजून घोटाभर पाणी आहे, बांधावरून चालून आलं तरी चिखल लागतोच. बूट आतून-बाहेरून धुऊन पडवीतल्या खुंट्यांवर उलटे अडकवले. त्यातून पाणी ठिबकतंय. आई असती तर म्हणाली असती, "फौजदारीन आली गो भात बघायला."

आई फेब्रुवारीत गेली. मी जुलैत जाता जाता राहिले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून एकत्रच लिहिते. लिहायला सांगितलं आमच्या गावच्या आशाताईंनी. "बाई, तुमच्यावर काय आलं ते लिहून द्या, मी बायकांच्या बैठकीत वाचते. माझं कोण ऐकत नाय. तुमचं ऐकतील, तुम्ही मरून परत आलाय." त्यांचं म्हणणं खरं आहे. बसले लिहायला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय त्रेपन्न, राहायला महाडला. माझे मिस्टर औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहेत, पाळ्यांची नोकरी. मुलगी प्राची पनवेलला नोकरी करते. आईचं घर पोलादपूरच्या वर, खोऱ्यातल्या एका गावच्या बौद्धवाडीत. ती शेवटपर्यंत इथेच राहिली, एकटी आणि स्वतःच्या मर्जीने.

सोनाआय

आईचं नाव सोनाबाई. गाव सोनाआय म्हणायचं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. आमच्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एक जानेवारीलाच जन्मल्या आहेत. आमच्या अंदाजाने ती नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे असावी. वडील बांधकाम खात्यात घाटाच्या गँगवर होते, दरड आली की दगड बाजूला करायचे. मी नऊ वर्षांची असताना ते तापाने गेले. पुढे आईने दोन खाचरं, एक गाय आणि भाऊ व मी, एवढं सगळं एकटीने रेटलं. ती रडताना मला आठवत नाही. बसलेलीही फारशी आठवत नाही. वर्षातून एकदा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन गुडघे शेकायची, तेवढीच तिची चैन. तिथूनही येताना कुणाच्या तरी शेतातलं वालाचं बी मागून आणायची.

गावाला तिची ओळख होती ती काविळीच्या औषधामुळे. तिच्या सासूने तिला एक मुळी दाखवली होती. पावसाळा सरताना ती डोंगरातून काढून आणायची, वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डोळे पिवळे झालेलं माणूस पहाटे उपाशीपोटी यायचं. आई त्याला अंगणात उगवतीकडे तोंड करून उभं करायची, कपाळाला हात लावायची, खालची पापणी ओढून बघायची, मग मुळी उगाळून ताकातून द्यायची. तीन सकाळी. पैसा घ्यायची नाही. आठव्या दिवशी परत येऊन डोळे दाखवायचे, एवढीच अट. जो यायचा नाही त्याच्या घरी ती स्वतः जायची आणि चारचौघांत त्याचा उद्धार करायची.

ताक ज्याचं त्याने घरून आणायचं. आमच्या घरी गाय होती, ताक होतं, तरी औषधाचं ताक आपल्या घरचं चालत नाही, रोग्याच्या घरचं लागतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. वरच्या वाडीचे मराठे ताक घेऊन यायचे आणि आमच्या वाडीतलेही. मला तो औषधाचाच नियम वाटायचा.

खरं सांगायचं तर मला या औषधाची लाज वाटायची. डी.एड.ला गेल्यावर तर जास्तच. मी शाळेत विज्ञान शिकवणार आणि माझी आई मुळ्या उगाळणार. त्यामुळे मी कधी काही विचारलं नाही. झाड कुठलं, किती घ्यायचं, कुणाला द्यायचं नाही, काही नाही. सुट्टीत आजीकडे राहायची ती प्राची. ती आजीच्या मागून शेपटासारखी फिरायची.

लावणी

जाण्याच्या दोन दिवस आधी आईने विचारलं, "खाचर कोण लावणार गो?" मी म्हटलं, "मी लावते." ती म्हणाली, "तू फळ्यावर लाव." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मला ते लागलं. म्हणून जुलैत दोन दिवस रजा टाकली, दोन बायका मजुरीला घेतल्या आणि त्यांच्या बरोबरीने मी स्वतः उतरले. अनवाणी. आई म्हणायची, भाताला पायाने समजलं पाहिजे. माझ्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. दोन दिवस त्या पाण्यात उभी होते. बांधाला उंदरांची बिळं होती, ती मी बघितली, आणि पुढची मूठ लावली.

हे लिहिताना लाज वाटते, कारण महाडात पूर येऊन गेल्यावर याच रोगाच्या गोळ्या मी माझ्या हाताने वर्गात वाटल्या होत्या. "उंदरांचं मूत पाण्यात मिसळतं, ते पायाच्या जखमेतून रक्तात जातं, म्हणून बूट घाला," हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. लेप्टो हा शब्द मी फळ्यावर लिहिला होता. पण मला वाटायचं, ते पुराचं पाणी. खाचरातलं पाणी आपलं असतं.

पिवळे डोळे

आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप आला. डोकं फुटेल असं दुखायचं. सगळ्यात जास्त दुखायच्या पोटऱ्या. मी म्हटलं, सवय नाही वाकायची. तापाची गोळी घ्यायची आणि शाळेत जायचं, असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी तिसरीतली एक मुलगी वही दाखवायला आली आणि म्हणाली, "बाई, तुमचे डोळे हळदीसारखे झालेत."

घरी आरशात बघितलं. बरोबर होतं. आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. कावीळ. म्हणजे ओळखीचा रोग. याला तर आपल्या घरचं औषध आहे. आईच्या मागे तिचा डबा मी महाडला आणून ठेवला होता. तळाशी चार-पाच मुळ्या होत्या.

मिस्टर रात्रपाळी करून आले होते. म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ. चल, आत्ता जाऊ."

"तीन सकाळी घेते. नाही उतरली तर जाऊ."

"अगं, ताप आहे तुला."

"काविळीत असतो ताप."

"कोण म्हणालं?"

 त्यांना शेजारून ताक आणायला पाठवलं. फ्रीजमध्ये आमचं ताक होतं, तरी शेजारून. शेजारणीला कळेना, यांच्याकडे ताक कसं संपलं. दोन सकाळी मुळी उगाळून घेतली. किती उगाळायची ते ठाऊक नव्हतं, अंदाजाने घेतली.

तिसऱ्या सकाळी उलटी झाली, त्यात रक्ताचे धागे होते. आणि लक्षात आलं की आदल्या दुपारपासून लघवीच झालेली नाही. मोरीत बसून राहिले. एक थेंब नाही. तिथून भीती सुरू झाली आणि ती अजून गेलेली नाही. आपलं शरीर एखादं काम न सांगता बंद करतं, हे मला माहीत नव्हतं.

महाडच्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, कावीळ. कधीपासून, काय घेतलं, सगळं सांगितलं. मुळीचंही सांगितलं, खाली बघून. त्यांनी माझी पोटरी दाबली आणि मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात ओरडले असेन.

"लावणीला गेला होतात का?"

"हो."

"अनवाणी?"

"हो."

"हे आधी सांगायचं असतं, बाई."

त्यांनी तिथेच सलाईन आणि इंजेक्शन सुरू केलं, रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा ते माझ्याशी बोललेच नाहीत. मिस्टरांना बाहेर बोलावलं. दाराच्या काचेतून मला मिस्टरांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, परत खिशात घालायला गेले आणि रुमाल खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. एवढं बघून मला काय ते समजलं.

मूत्रपिंडं बंद पडली होती. पनवेलला न्यायचं ठरलं.

पिशवी

रुग्णवाहिकेतून जाताना हायवेचा एकेक खड्डा माझ्या पोटऱ्यांतून गेला. माणगाव गेल्याचं कळलं, पुढचं आठवत नाही. मधूनच मी मिस्टरांना म्हणाले म्हणे, "दुसरीची हजेरी भरायची राहिली." मी दुसरीला शिकवतच नाही.

पनवेलच्या त्या मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात दिवस कुठला आणि वेळ कुठली कळत नाही, दिवे कायम चालू. पहाटे रक्त काढायला येतात, मग अंग पुसायला, मग चादर बदलायला, मग डॉक्टरांचा घोळका. घोळक्यातला प्रत्येक जण आधी माझ्याकडे न बघता खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघायचा. पिशवी रिकामी. मीही तेच करायला लागले. डोळे उघडले की मान वळवून पिशवी. तळाशी चहाच्या रंगाचं दोन बोटं पाणी, तेही पहिल्या दिवसाचं.

डायलिसिसला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी सही केली. सही माझी वाटत नव्हती. मानेजवळ नळी घातली. शेजारच्या यंत्रातून माझं रक्त बाहेर येऊन फिरताना दिसत होतं. चार तास ते बघत पडायचं. दुखतं कमी, पण भीती फार वाटते. मला सारखं वाटायचं की वीज गेली तर माझं रक्त तिकडेच राहील. तंत्रज्ञ मुलीला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "काकू, बॅटरी असते." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने बॅटरी दाखवली. हे लिहिते कारण तुमच्यावर वेळ आली तर बिनधास्त विचारा. दाखवतात.

तिथे एक सफाईच्या मावशी होत्या. त्यांनी माझ्या टाचा बघितल्या आणि छोट्या बाटलीतून खोबरेल आणून भेगांत भरलं. रोज भरायच्या. म्हणायच्या, "एवढ्या मोठ्या दारातून चोर येणारच की." मरणाच्या भीतीत मला हसू आलं ते तेवढंच.

प्राची दिवसभर दवाखान्यातच असायची. आधी चिडलेली होती. भेटायच्या वेळेत येऊन गप्प उभी राहायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, तुला ताप होता ना मुळी घेताना?"

"होता."

"मग घेतलीस कशी? आजीने तुला दिली असती का?"

मी म्हटलं, "का नसती दिली?"

ती बघतच राहिली. "तुला माहीत नाही? ताप असला तर आजी औषध द्यायचीच नाही. कपाळाला हात कशाला लावायची ती? आशीर्वाद द्यायला? ताप लागला की म्हणायची, हे माझं काम नाय, महाडला जा. एसटीपर्यंत स्वतः सोडायची. दहा वेळा बघितलंय मी."

मीही बघितलं होतं. शंभर वेळा बघितलं होतं. आईचा हात कपाळावर जायचा, आणि काही माणसं ताक तसंच घेऊन परत जायची. मला वाटायचं, ती तिची पद्धत. एवढी वर्षं बघून मला त्यातलं फक्त ताक आठवलं.

प्राचीने सांगितलेलं

त्या दिवसानंतर मला एका नव्याच गोष्टीची भीती बसली. मी जगते की नाही, हे होतंच. त्यात हे आलं की आईच्या औषधाने कुणी गेलं असेल का. मी डॉक्टरांना विचारलं, मुळीने झालं का हे. ते तरुण होते, सरळ बोलायचे. म्हणाले, "मुळीने काय केलं ते मी सांगू शकत नाही. साधी कावीळ बरेचदा विश्रांतीनेही बरी होते. पण तुमचे दोन दिवस गेले. ते मात्र सांगू शकतो."

म्हणजे आईने आयुष्यभर बरे केलेले लोक आपले आपणच बरे झाले असतील. आणि जे बरे झाले नसतील त्यांचे दोन-तीन दिवस गेले असतील. ज्या बाईचा आमच्या घराला एवढा अभिमान, तिने किती घरांचं वाटोळं केलं असेल, हे मी छताकडे बघत मोजत बसायचे. प्राचीला विचारलं, "आजीच्या हातून कुणी गेलं का गं कधी?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल.

"एक बाई गेली," ती म्हणाली. "आजीने मला सांगितलंय. तू आजीच्या पोटात होतीस तेव्हाची गोष्ट."

वरच्या वाडीतली तरुण सून. सासरा घेऊन आला होता. त्या काळात वरची माणसं आमच्या अंगणाच्या कडेला फणसाखाली थांबायची, आई पाच हात लांब. औषध आमच्या हातचं चालायचं, शिवाशीव चालायची नाही. मुळी आई दगडावर ठेवायची, तिथून ते उचलायचे. आईने लांबूनच विचारलं, ताप हाय का? सासरा म्हणाला, नाय. कारण ताप म्हटलं तर ती महाडला धाडणार, आणि लावणी चालू होती, घरातलं माणूस मोकळं नव्हतं. आईला हात लावून बघता आलं नाही. तिने मुळी दिली. चौथ्या दिवशी ती सून गेली. नंतर तिच्या सासूने सांगितलं, पोर रात्रभर भाजत होती.

"मग?"

"मग आजीने सांगून टाकलं. कपाळाला हात लावू देणार असाल तरच औषध, नाय तर आल्या वाटेने परत. महिनाभर वरून कुणी आलं नाही. मग एक बाई आली, अंगणात आजीच्या समोर बसली, पदर मागे घेतला आणि म्हणाली, बघ."

"आणि ताक?" मी विचारलं.

"हात लावून घेतला त्यांनी. ताक मात्र घरूनच आणायचे. आपल्या घरचं त्यांना कसं चालेल? मी आजीला म्हटलं, तू त्यांना काही बोलली का नाहीस? तर म्हणते, 'तेवढं त्यांना ठेवू दिलं.' आणि मग ती आपल्या वाडीतल्यांनाही ताक आणायला सांगायला लागली. म्हणजे भांडं बघून कोण कुठला ते ओळखायला नको."

"मला का नाही सांगितलं कधी?"

"ती म्हणाली, तुझ्या आईला सांगितलं असतं तर ती वर भांडायला गेली असती."

गेले असते. शंकाच नाही.

आणि मी, त्याच घरातली शिकलेली मुलगी, शेजारून ताक मागवत होते. औषधाचा नियम म्हणून.

दोनशे

डायलिसिस एकूण पाच वेळा झालं. चौथ्यानंतर पिशवीत काहीतरी आलं. मावशींनी आधी बघितलं. त्यांनी सिस्टरला हाक मारली, सिस्टरने पिशवी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "दोनशे मिली." प्राची खुर्चीत बसून रडायला लागली. मिस्टर कंपनीत होते, त्यांना फोन केला. ते पलीकडून ओरडून कुणाला तरी सांगत होते, "झाली, झाली, दोनशे झाली," आणि मला वाटलं, यंत्रावरच्या माणसांना आता काय वाटेल. लघवीवरून पेढे वाटायचे तेवढे राहिले.

ऑगस्टच्या मध्यावर घरी आले. नऊ किलो कमी, केस मूठ-मूठ गळाले, जिना चढताना बसावं लागायचं. घरी सगळे दबकून वागायचे. मिस्टर मला पाण्याचा पेला मोजून द्यायचे आणि मोरीच्या दाराशी उभे राहून विचारायचे, "झाली का?" मी एकदा खेकसले. मग ते बाहेर जाऊन बराच वेळ बसले. त्यांनी मला एका शब्दानेही ऐकवलं नव्हतं, "मी म्हणत होतो," असं. त्यांच्या जागी मी रोज ऐकवलं असतं.

दर पंधरा दिवसांनी रक्त तपासतात. आकडा खाली येतोय. डॉक्टर म्हणतात, पूर्ण बरं व्हाल. मी मान हलवते. पण अहवालाचा लिफाफा उघडेपर्यंत माझे हात गार असतात, आणि अजूनही रोज सकाळी मोरीत गेले की आधी कानच टवकारते.

आता संध्याकाळ झाली आहे. चुलीवर पेज आहे. डबा समोर ठेवला आहे, येताना पिशवीत घालून आणला. तीन मुळ्या उरल्या आहेत. आईच्या हातच्या शेवटच्या. झाड मला ठाऊक नाही, प्राचीलाही नाही. आजी तिला डोंगरात न्यायची नाही, घसरशील म्हणून. या तीन संपल्या की संपलं. नदीत सोडायच्या म्हणून आणल्या होत्या. नदीपर्यंत जाऊन तशीच परत आले. तीन मुळ्यांनी कुणाचं काय बिघडणार, असं मनात आलं. उद्या बघू.

आशाताईंसाठी सांगायचं ते एवढंच: ताप, लाल किंवा पिवळे डोळे, पोटऱ्या दुखणं, आणि त्याआधी चिखलात उतरलेलं असणं. यातली दोन जमली की त्याच दिवशी डॉक्टर. घरची मुळी नाही, शेजारची नाही, उद्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

१२ ऑक्टोबर. चहा ठेवला होता तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. वरच्या वाडीतली सुमन, चाळिशीची असेल. मी तिला लांबून ओळखते. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, तिच्यात ताक.

"सोनाआयची लेक ना तुम्ही? काल दिवा दिसला घरात. डब्यात असली तर मुळी द्या म्हटलं."

"उगवतीकडे तोंड करा," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. पापणी ओढून बघितली. पिवळी. डोळ्यांचे कोपरे लाल.

"ताप आहे?"

"नाय. अंग जरा कसकसतंय."

"पोटऱ्या?"

"हळवं भात आधी तयार झालं, ते कापतोय ना आम्ही. पाणी हाय अजून खाचरात. वाकून वाकून दुखतात."

"अनवाणी?"

"मग काय बूट घालून भात कापू?" ती हसली. खुंट्यांवरचे माझे बूट बघून हसायची थांबली.

मी कपाळाला हात लावला. चटका बसला. माझा हात तसाच राहिला, क्षणभर उचलता येईना. ते सगळं परत आलं, पिशवी, यंत्र, काचेतून दिसणारी मिस्टरांची पाठ.

"चला. महाडला जायचं."

"आज? भात कापून पडलंय."

"पडू दे."

"मग मुळी द्या, ती घेते आणि दुपारी जाते."

"दुपारी नाही, आत्ता. मुळी नाही."

"तुमची आय देत व्हती."

"ताप असला तर देत नव्हती. घरी विचारा."

तिची नजर आतल्या फळीवर गेली. डबा रात्री मी तिथेच ठेवला होता. मी आत गेले, झाकण काढलं आणि तीनही मुळ्या चुलीत टाकल्या. लगेच पेटल्या नाहीत, नुसता कडवट धूर आला. चहा उतरवून ठेवला, प्यायले नाही. गमबूट अजून ओलेच होते. चपला घातल्या.

फाट्यावर महाडला जाणारी मिनीडोर रिक्षा मिळाली. सुमन वाटेत एकदा म्हणाली, "मला सुई नको हां." मी म्हटलं, "बघू." ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिच्या तापाची धग माझ्या ब्लाउजमधून लागत होती.

रविवार होता, पण डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच आहे, ते खाली आले. मला बघून आधी माझ्याच डोळ्यांकडे बघितलं. मी सुमनला पुढे केलं. ताकाची बाटली अजून तिच्या हातात होती, ती घेऊन मी बाकाखाली ठेवली.

"काय होतंय?" त्यांनी केसपेपर ओढत विचारलं.

"कावीळ," सुमन म्हणाली.

"ताप आहे," मी म्हटलं. "पोटऱ्या दुखतात. आणि या अनवाणी खाचरात उभ्या होत्या. हे आधी लिहा."

त्यांनी लिहिलं.